पाळण्याचा प्रश्न हा गमतीचा विषय नव्हे

वृत्तपत्रांच्या रविवारच्या पुरवण्यांतून नोकरदार आईच्या आठवड्यावर खुसखुशीत लिहिण्याची एक प्रथा आपल्याकडे रूढ झाली आहे. सोमवारी कचेरीतल्या बैठकीत बाईंच्या पिशवीतून टिपणवहीऐवजी बाळाचा खुळखुळा निघतो. बुधवारी पाळणाघरवाल्या बाई गावी गेल्याचे ऐन वेळी कळते. शुक्रवारी मुलाचा खाऊ नवऱ्याच्या पिशवीत आणि नवऱ्याचा डबा मुलाच्या दप्तरात जातो. शेवटच्या परिच्छेदात सासूबाई धावून येतात, लेखिका स्वतःला अष्टभुजा म्हणवून घेते आणि वाचक हसून पान उलटतो. हसण्यास आमची हरकत नाही. हरकत आहे ती या हसण्यामागे जे गृहीत धरले जाते त्याला. मूल सांभाळणे ही आईची खाजगी कसरत आहे. ती साधली तर कौतुक, फसली तर विनोद. समाजाचा आणि शासनाचा तिच्याशी काही संबंध नाही, असे ते गृहीत आहे.

गोंदिया जिल्ह्यातील कष्टकरी आईचा असाच एक आठवडा मांडून पाहावा. चमत्कारिक प्रसंगांना तेथेही तोटा नाही. मात्र ते कोणी छापत नाही, आणि छापले तर कोणाला हसू येणार नाही.

विडी वळणाऱ्या बाईपासून प्रारंभ करू. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया हा भंडारा जिल्ह्याचाच भाग होता, आणि या जुन्या जिल्ह्याची बाजारपेठ धानाइतकीच विडीवरही उभी राहिली. विडीच्या व्यापारातून घराणी श्रीमंत झाली, शाळा-महाविद्यालयेही निघाली. ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु विडी वळली ती बायांनी, मांडीवर सूप घेऊन, घरच्या ओसरीवर. सट्टेदार पान आणि जर्दा मोजून देतो, वळलेल्या विड्या मोजून घेतो, नापसंत मालाची छाट काढतो आणि उरलेल्याचे हजारी दराने पैसे देतो. हजार विड्या वळण्यात बाईचा दिवस सरतो. त्याच दिवसात चूल आहे, पाणी आहे, तान्ह्याला पाजणे आहे. सुपाच्या एका बाजूला जर्दा आणि दुसऱ्या बाजूला रांगते मूल, अशी ती बसलेली असते. मुलाने जर्द्यात हात घातला की एका हाताने त्याला मागे ओढायचे आणि दुसऱ्या हातातली अर्धी वळलेली विडी सुटू द्यायची नाही, कारण सुटली तर ती छाटीत जाणार. रांगणाऱ्याच्या कमरेला लुगड्याची पट्टी बांधून ती खाटेच्या पायाला अडकवणे हा उपायही खेड्यापाड्यांतल्या आयांना नवा नाही.

घरबसल्या काम, शिवाय मूल डोळ्यांसमोर, असे या धंद्याचे गुणगान केले जाते. मूल डोळ्यांसमोर असते हे खरे, परंतु डोळे विडीवर असतात. तंबाखूची जी धूळ आईच्या छातीत जाते तीच शेजारी निजलेल्या तान्ह्याच्याही छातीत जाते, ही गोष्ट गुणगान करणारे सांगत नाहीत.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा या दृष्टीने मोठा वाचनीय आहे. त्याने कामगाराच्या व्याख्येत घरी काम करणाऱ्या बाईचाही समावेश केला. त्या काळात ही प्रगतीच होती. कामगार चळवळीने ती झगडून मिळवली होती. परंतु त्याच कायद्याने ‘औद्योगिक जागा’ या शब्दांची व्याख्या करताना राहते घर तेवढे वगळले. पाळणाघराची सक्ती करणारे कलम १४ लागू झाले ते औद्योगिक जागेला. मुलांना कामास लावू नये असे सांगणारे कलम २४ लागू झाले तेही औद्योगिक जागेलाच. पुढे १९८६ च्या बालकामगार कायद्याने विडी वळणे मुलांसाठी निषिद्ध ठरवले, पण कुटुंबाच्या मदतीने चालणाऱ्या कामाला त्या बंदीतून सूट दिली. अशा रीतीने बाई कामगार ठरली, मात्र ती जेथे बसून काम करते ती जागा कामाची जागा ठरली नाही. मालकाला छप्पर फुकट मिळाले, दिवा फुकट मिळाला, आणि पाळण्याची जबाबदारीही टळली.

हे अनवधानाने घडले असे मानणे भोळेपणाचे ठरेल. मध्यप्रांत सरकारने १९३७ मध्ये अनियंत्रित कारखान्यांचा कायदा करून विडीच्या कारखान्यांना हात घातला. १९४८ मध्ये कारखाने कायदा आला. कायदा जसजसा कारखान्याच्या पुढच्या दाराशी आला, तसतसा कारखाना मागच्या दाराने घराघरांत निघून गेला. सट्टेदार व त्यांचे मजूर हे कारखान्याचे कामगार नव्हेत असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये चिंतामणराव खटल्यात दिला. घरी वळणाऱ्या बाईला भविष्य निर्वाह निधीचा हक्क आहे हे त्याच न्यायालयाने मान्य करण्यास १९८५ साल उजाडावे लागले. विडी कामगारांच्या दवाखान्यांसाठी आणि मुलांच्या शिष्यवृत्त्यांसाठी १९७६ मध्ये जो कल्याण उपकर बसवला गेला होता, तो १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कराबरोबर संपुष्टात आला. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात येऊन १९६६ चा कायदाच इतिहासजमा झाला. नव्या संहितेत पाळणाघराची तरतूद आहे. पण ती ५० कामगारांच्या आस्थापनेला. पन्नास बायांना पन्नास ओसऱ्यांवर बसवणाऱ्या धंद्यात ही अट कोणाच्या दारावर नेऊन लावायची, याचे उत्तर तिच्या समर्थकांनी द्यावे.

विडी बारमाही आहे. धान हंगामी आहे. जुलै लागला, पाऊस मनासारखा पडला की तिरोडा, गोरेगाव, आमगावपासून अर्जुनी मोरगावपर्यंत साऱ्या बांध्यांत रोवणी सुरू होते. वाकून, चिखलात, दिवसभर. रोवणी बायांवाचून होत नाही हे मोठा धानउत्पादक शेतकरीही जाणतो आणि तलाठीही जाणतो. दोन वर्षांचे मूल मात्र धुऱ्यावर, छत्रीच्या आडोशाला. पाऊस आला तर त्याच छत्रीखाली. ज्या आईला हे धाडस होत नाही ती थोरल्या मुलीला शाळेतून घरी ठेवते.

अंगणवाडी नाही काय, असा प्रश्न येथे कोणी विचारील. अंगणवाडी आहे. पण अंगणवाडीत बसवून घेतले जाते ते तीन वर्षांवरील मूल. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलाच्या वाट्याला घरी न्यायचा शिधा येतो, बसायची जागा येत नाही. शिवाय अंगणवाडी अर्ध्या दिवसाची आणि रोवणी दिवस मावळेपर्यंतची. आता शिध्यासाठीही नवी अट आली आहे. १ जुलै २०२५ पासून तो देताना लाभार्थी बाईचा चेहरा भ्रमणध्वनीवर टिपून ओळख पटवणे केंद्र सरकारने सक्तीचे केले. तारीख पाहा : १ जुलै! दिल्लीच्या ज्या कचेरीत ही तारीख ठरली, तेथे धान केव्हा रोवतात हे विचारण्याची गरज कोणाला वाटली नसावी. मूल धुऱ्यावर, आई चिखलात, शिधा अंगणवाडीत आणि आईचा चेहरा सरकारला हवा! मग एकतर तिने अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवावी, नाहीतर सेविकेने यंत्र घेऊन बांधीच्या धुऱ्यावर यावे आणि तेथे जाळे मिळते का ते शोधत फिरावे. पुरवणीतल्या लेखिकेने यावर एक खुसखुशीत लेख लिहून दाखवावा.

रोजगार हमीच्या कामावरचा अनुभव निराळा नाही. १ जानेवारी २०२३ पासून कामावरील मजुरांचे दिवसातून दोनदा छायाचित्र घेण्याची सक्ती झाली. उन्हाळ्यात पहाटे लवकर येऊन नेमून दिलेली माती उपसून झाली तरी दुसऱ्या छायाचित्रासाठी बाईने थांबून राहावे, आणि घरी तान्ह्याने रडत राहावे. वस्तुतः २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत एक शहाणपणाची तरतूद होती : कामावर सहा वर्षांखालील पाच मुले आली तर मजूर बायांपैकीच एकीला त्यांना सांभाळण्यास नेमावे आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यावी. मूल सांभाळणे हे मजुरीचे काम आहे, असे शासनाने लिहून दिल्याची दुसरी उदाहरणे फार नाहीत. तिच्या अंमलबजावणीत मात्र हजेरीच्या छायाचित्राची तत्परता कधी दिसली नाही.

येथे एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. १९४८ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारने कायदा करून शेतीच्या हंगामात ठरावीक गावांत विडी वळण्यास बंदी घालण्याचा अधिकार घेतला. हेतू हा की मजूर शेतीला मिळावेत. सागर जिल्ह्यात तसा हुकूम निघाला आणि १९५० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. म्हातारी, अपंग आणि लहान मुले असलेली जी माणसे शेतात जाऊच शकत नाहीत त्यांनाही त्याने कामावाचून बसवले होते. पंचाहत्तर वर्षांनंतर, डिसेंबर २०२५ मध्ये, संसदेने रोजगार हमीच्या जागी जो नवा कायदा मंजूर केला त्यात पेरणी-कापणीच्या हंगामातील साठ दिवस सरकारी काम बंद ठेवण्याची तरतूद आहे. हेतू तोच. हंगामात बाईने कोठे असावे हे सरकारला १९४८ मध्येही पक्के ठाऊक होते आणि २०२५ मध्येही ठाऊक आहे. तिच्या मुलाने त्या साठ दिवसांत कोठे असावे, याविषयी दोन्ही कायद्यांत एक शब्द नाही.

ज्या बाईवर या साऱ्याचा भार टाकला आहे त्या अंगणवाडी सेविकेचा आठवडा तर सर्वांत चमत्कारिक. सालेकसा किंवा देवरीच्या एखाद्या आडगावातल्या सेविकेचे दोन वर्षांचे मूल तापाने फणफणले आहे. तिने सकाळी ते आजीजवळ किंवा शेजारणीजवळ ठेवायचे आणि जाऊन गावातल्या दुसऱ्यांच्या मुलांची वजने घ्यायची, त्यांच्या आयांना तान्ह्यांच्या संगोपनाचे धडे द्यायचे. संगोपनाचा उपदेश करण्याचे मानधन तिला मिळते. संगोपन करण्याची सवड मिळत नाही. होय, मानधनच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली तेव्हा मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, न झालेलीला १०० रुपये आणि मदतनिसाला ३५ रुपये ठरले. आकडे वाढले, शब्द तोच राहिला. केंद्राने ठरवलेली रक्कम १ ऑक्टोबर २०१८ पासून ४,५०० रुपये झाली. तीवर राज्याने घातलेली भर मिळाली ती मोर्चे, संप आणि आझाद मैदानावरचे धरणे यांच्या बळावर. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना उपदानाचा हक्क दिला, म्हणजे त्या कामगार आहेत हे अप्रत्यक्षपणे मान्य झाले. सरकार अजून त्यांना स्वयंसेविकाच समजते. केंद्राच्या कायम नोकरीतील स्त्रीला २००८ पासून मुलांच्या संगोपनासाठी सेवाकाळात ७३० दिवसांची रजा आहे, आणि ती असलीच पाहिजे. आम्ही तिच्याविरुद्ध नाही. पण बालसंगोपन हाच जिचा व्यवसाय त्या बाईला ही रजा नसावी, हा विनोद कोणत्याही पुरवणीला सुचण्यासारखा नाही.

महाराष्ट्राला हा प्रश्न कळत नाही असे म्हणता येणार नाही. अंगणवाडी हा शब्दच महाराष्ट्राने देशाला दिला. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केले, १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि अनुताई वाघ यांनी ते पुढे नेले. आदिवासी मुली शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर त्यांना पाड्यावर मिळाले : मुलीच्या कडेवर भावंड असते. म्हणून कोसबाडला पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात मांडली. भावंड पाळण्यात, मुलगी वर्गात. या योजनेचे नाव सरकारने उचलले. पाळणा तेवढा कोसबाडलाच ठेवून दिला. आज रोवणीच्या दिवसांत जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शाळेचा हजेरीपट काढून पाहावा. शिक्षणाधिकाऱ्यांना मुलींच्या गळतीची कारणे शोधायला समिती नेमण्याची गरज पडणार नाही.

आणि जेथे थोरली बहीणही नाही तेथे? मुंबईच्या गिरण्यांत एके काळी याला उत्तर होते : बाळगोळी. १९२२-२३ च्या सुमारास डॉ. बार्न्स यांनी गिरणीकामगार स्त्रियांची पाहणी केली, तेव्हा जवळजवळ सर्वच मुलांना अफू चाटवली जात असल्याचे त्यांना आढळले. त्या आया दुष्ट नव्हत्या. दहा तास मूल निजले नाही तर मजुरी बुडत होती. आज अफूची जागा पडद्यावर हलणाऱ्या चित्रांनी घेतली आहे. भ्रमणध्वनी हातात दिला की मूल दोन तास हलत नाही, तेवढ्यात दोनशे विड्या होतात. सुशिक्षित मंडळी त्या आईला मुलाच्या डोळ्यांवर आणि मेंदूवर व्याख्यान देतात. व्याख्यात्यांपैकी कोणी ते मूल दोन तास मांडीवर घेतल्याचे ऐकिवात नाही.

यावर ठरलेला आक्षेप येतो, की पाळणाघर ही पाश्चात्त्य कल्पना आहे. आपल्याकडे कुटुंब आहे, आजी आहे. आजी आहे, खरेच. ती मे महिन्यात पहाटे तीन वाजता उठून तेंदूपाने तोडायला जंगलात जाते आणि दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून फळीवर नेते. उरलेले महिने ती सुनेच्या शेजारी बसून पाने कातरते. तिचे डोळे गेले की मगच ती नातवासाठी मोकळी होते! कुटुंबाच्या नावाने गहिवरणाऱ्यांनी या कुटुंबातल्या प्रत्येक हाताला बाजाराने कामास जुंपले आहे हे आधी पाहावे.

दुसरा आक्षेप पैशाचा. जवळजवळ शंभर वर्षांपूर्वीही तो होता. १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयक आले तेव्हा उद्योग बुडतील अशी ओरड झाली होती. डॉ. आंबेडकरांनी विधेयकाला पाठिंबा देताना, बाळंतपणाच्या आगेमागे आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि म्हणून शासनानेही त्याचा भार उचलला पाहिजे, अशी भूमिका मांडली. १९२९ मध्ये मुंबईत कायदा झाला, १९३० मध्ये मध्यप्रांतात झाला. उद्योग बुडाले नाहीत. त्याच आंबेडकरांना १९५४ च्या पोटनिवडणुकीत भंडाऱ्याने पराभूत केले, आणि त्याच पोटनिवडणुकीत भंडाऱ्याच्या दुसऱ्या जागेवरून प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता लोकसभेवर गेले. तेव्हा या जिल्ह्यातील आईचे देणे समाजवाद्यांच्या खात्यावरही आहे. आमच्या संघटनांच्या मागणीपत्रकांत हजारी दराचे कलम पहिले असते, ते योग्यच आहे. पाळणाघराचे कलम असलेच तर तळाशी असते आणि वाटाघाटीच्या टेबलावर सर्वांत आधी तेच सोडून दिले जाते. वाटाघाटीला बसलेल्या पुरुषांची मुले त्या वेळी कोण सांभाळत असते? पालक या शब्दात बापही येतो. केंद्र सरकारच्या नोकरीतील बापाला पंधरा दिवसांची पितृत्व रजा आहे. तांदळाच्या गिरणीत पोती वाहणाऱ्या हमालाला पंधरा मिनिटांचीही नाही. तिचीही मागणी संघटनांनी केली पाहिजे.

पैसा नाही हे तर खोटेच आहे. पाळणाघर योजनेतला केंद्राचा वाटा २०१७ मध्ये ९० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणला गेला आणि देशभरची पाळणाघरे मिटत गेली. ती केंद्राची निवड होती. २०२२ पासून ‘पाळणा’ याच नावाने योजना पुन्हा मांडली गेली, अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवण्याची सोय तीत आहे. म्हणजे नवा शोध लावायचा नाही. विडीवरचा कर अजूनही वसूल होतो, तेंदूपानाचा लिलाव दरवर्षी होतो. विडी वळणाऱ्या प्रत्येक वस्तीत दिवसभराचे पाळणाघर काढून त्याचा खर्च या धंद्याकडूनच हजारी हिशेबाने वसूल करावा. रोवणी, कापणी आणि तेंदूच्या हंगामात प्रत्येक अंगणवाडी दिवस मावळेपर्यंत उघडी राहावी, तीत तीन वर्षांखालील मुलांना जागा असावी, आणि वाढीव वेळेसाठी दुसरी बाई पूर्ण वेतनावर नेमावी. आहे त्याच सेविकेच्या पाठीवर हे ओझे टाकू नये. सेविका-मदतनिसांना सरकारी कर्मचाऱ्यांचा दर्जा द्यावा. रोवणीच्या दोन महिन्यांत चेहरा टिपण्याची सक्ती स्थगित ठेवावी. तिला तर पैसाही लागत नाही, एक परिपत्रक पुरते.

जिल्हा परिषदेचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मांडला जातो आणि रोवणी जुलैत लागते. आठही तालुक्यांतील विडी कामगार, सेविका आणि शेतमजूर बायांनी त्याआधी आपापल्या पंचायत समितीवर एकत्र जावे, मुलांना कडेवर घेऊनच जावे, आणि सभापतींना एवढेच विचारावे की येत्या जुलैत ही मुले कोणत्या खोलीत बसणार आहेत, तिची किल्ली कोणाकडे असेल आणि तिचा पगार कोण देणार आहे.